बोटांसाठी साबण

सोमवार, ३

साबणाची मापं लिहून ठेवायला म्हणून ही जुनी वही काढली. शिलाईच्या गिऱ्हाइकांची मापं लिहायची सवय आहेच. पण आधी साबण कशाला, ते लिहिते.

यांची बोटं फाटली आहेत. दुसऱ्या कुणाची असती तर मलम लावून विषय संपला असता. पण हे ब्रेलच्या छापखान्यात प्रुफं वाचतात. लहानपणापासून दिसत नाही, त्याचं रडगाणं मी यांच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. बोटांचा तोरा मात्र विचारू नका. "यांच्या बोटाखालून चूक सुटत नाही," असं प्रेसच्या बाई स्वतः म्हणतात, आणि बाई कुणाचं उगाच कौतुक करणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनाही दिसत नाही, पण अख्खा छापखाना त्या चालवतात.

तिथली शिस्त अशी की दर नव्या गठ्ठ्याआधी हात स्वच्छ धुवायचे. कागदाला डाग नको, बोटावर घाम नको. मध्यंतरी तिथे कुठलासा उग्र निळा साबण आला. इतरांना काही झालं नाही, यांच्या बोटांची मात्र सालं निघाली. उजव्या आणि डाव्या, दोन्ही तर्जन्यांना चिरा. ब्रेलची टिंबं आता लागतच नाहीत म्हणतात. मलम लावलं की बोट घसरतं, कागद तेलकट होतो. डॉक्टर म्हणाले, सौम्य साबण वापरा, कमी धुवा, दम धरा.

बाईंनी महिनाअखेरपर्यंत सुट्टी दिली आहे. पुढे शाळांच्या पुस्तकांची घाई, तेव्हा वाचणारं बोट हवंच. तोवर बरं वाटलं नाही तर यांची जागा दुसऱ्याला आणि यांना टेलिफोनवर बसवणार.

"टेलिफोनचं काम काही वाईट नाही," मी म्हटलं.

"मग तू बस," म्हणाले, आणि जेवणावरून उठले. असं हे कधी करत नाहीत.

दुकानातल्या सौम्य साबणांच्या किमती अत्तराच्या, आणि वासही अत्तराचेच. यांना त्या वासाने शिंका येतात. मग घरीच करू. जी बाई फाटक्या कोटाला नवं अस्तर लावते तिला एक साबण जमू नये?

बुधवार, ५

रसायनांच्या दुकानातून कॉस्टिक पोटॅश आणलं. दुकानदाराने दोनदा विचारलं, "ताई, नक्की साबणच करायचा ना?" माझा चेहरा बघून त्याला काय वाटलं कोण जाणे. वडीच्या साबणाला सोडा लागतो, पातळ साबणाला पोटॅश. खोबरेल फेसासाठी, सूर्यफुलाचं तेल मऊपणासाठी, थोडं एरंडेल. भांडं स्टीलचंच हवं, ॲल्युमिनियमला पोटॅश खाऊन टाकतं. भंगारवाल्याकडून एक पातेलं घेतलं, बूड जाड, कान एकच. चष्मा शेजारच्या मुलीचा पोहण्याचा. तो लावून आरशात पाहिलं आणि एकटीच हसत बसले.

काटा मात्र हट्टाने चांगला घेतला. इथे मूठ-चिमूट चालत नाही.

शनिवार, ८

आज पहिला घाणा. खिडक्या उघड्या टाकल्या, हातमोजे घातले, यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. पाण्यात पोटॅश हळूहळू सोडायचं, उलटं कधीच करायचं नाही. सोडलं तशी भांड्यातून सुरसुर सुरू झाली आणि भांडं हात लावू नये इतकं तापलं, खाली आग नसताना! मी दोन पावलं मागे सरले. बाहेरून यांचा आवाज, "काय गं, ठीक ना?" "ठीक!" म्हटलं. घाबरले होते चांगलीच.

मग कोमट तेलात ते ओतलं, घुसळलं, आणि मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर ठेवून शिजवलं. आधी खिरीसारखं, मग इतकं घट्ट की पळी उभी राहिली. दुपार सरता सरता ते पारदर्शक, पिवळसर दिसायला लागलं. ते आता पाण्यात विरघळायला ठेवलं आहे.

एक गोष्ट आपल्या मनाने केली. कृतीत होतं त्याहून दोन चमचे तेल जास्त घातलं. बोटं कोरडी पडलीत, तर जरा जास्त लाड करावेत की.

रविवार, ९

साबण झाला! थोडा गढूळ आहे, वर साय धरल्यासारखं काहीतरी तरंगतं, पण फेस येतो. सॉसच्या जुन्या बाटल्या धुवून भरला. हे किती वेळ हात धूत होते, मी टॉवेल घेऊन शेजारी उभी, परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी.

"कसं वाटतंय?"

"मऊ आहे," म्हणाले. "आग होत नाही. फरक आहे गं."

"मग वाचून दाखवा!"

टॉवेलने बोटं पुन्हा पुसत बसले. मी म्हटलं, प्रेसमधून आणलेला गठ्ठा तसाच पडलाय, चार ओळी तरी वाचा. पाणी मागितलं. प्यायले. गठ्ठा मांडीवर घेतला, दोन्ही हात कागदावर ठेवले, आणि मग वाचायला लागले.

काय सुंदर गोष्ट आहे! एक बाई नदीवर होडी चालवते. नवऱ्याची होडी होती, त्याला आता वल्हवता येत नाही, म्हणून ही. तिला कुणी शिकवलेलं नाही. पहिल्याच दिवशी नदीत भोवरा दिसतो, ती घाबरते, काठावरून नवरा विचारतो ठीक ना, आणि ती ओरडून सांगते, ठीक! मी मशीन थांबवून ऐकत होते. आणि वाचले किती झरझर! पूर्वी एखाद्या ओळीवर मागे जायचे, अडायचे, पुटपुटायचे. आज बोटं एकदाही मागे गेली नाहीत. एवढा गुण एका दिवसात! मला स्वतःचंच कौतुक वाटलं, लिहायला हरकत काय.

बुधवार, १२

रोज संध्याकाळी एक प्रकरण. लेखकाचं नाव विचारलं तर म्हणाले, प्रुफात नाव नसतं. ज्याने कुणी लिहिलंय त्याने बायका जवळून पाहिल्या आहेत एवढं नक्की. ती होडीवाली किती हट्टी, किती तोंडाळ, आणि रात्री थकून आली की नवऱ्याच्या जेवणाआधी त्याची विचारपूस करते. हे एका जागी वाचताना थांबले. घसा बसला म्हणाले. काल एक वाक्य फार आवडलं म्हणून परत वाचायला सांगितलं तर वेगळंच वाचलं. मी टोकलं. "प्रुफं आहेत, अशी गडबड असते," म्हणाले.

साबणाबद्दल मात्र तक्रार आली. हात धुतल्यावर बोटांवर काहीतरी राहतं म्हणतात. यांची परीक्षा अशी: स्टीलचं ताट त्या साबणाने धुवायचं, पुसायचं आणि बोट ओढायचं. बोट करकरलं तर स्वच्छ. ताटावरून आपलं बोट ओढवेना, चीर दुखते, म्हणून मला ओढायला लावलं आणि स्वतः कान देऊन बसले. माझं बोट सुळ्ळकन गेलं.

"तेल आहे," म्हणाले. "कागदावर उतरेल."

म्हणजे माझे ते दोन चमचे लाड. लाड महागात पडले. पुन्हा घाणा.

शुक्रवार, १४

वन्सं आल्या होत्या. यांची थोरली बहीण. मनाने सोनं, पण दुसऱ्याच्या पातेल्यात हात घातल्याशिवाय चैन पडत नाही. मी नव्या घाण्याचं मापाप्रमाणे सगळं केलेलं, एक थेंब जास्त नाही. साबण असा स्वच्छ उतरला होता की पातेल्याचं बूड दिसावं. तेवढ्यात ब्लाउजचं गिऱ्हाईक आलं म्हणून मी दारात गेले. परत येते तो वन्सं लिंबाची फोड पिळून हात पुसतायत.

"अगं, नुसताच काय करतेस! लिंबू पिळलं. तेल कसं तोडतं बघ आता."

तोडलंच. माझ्या डोळ्यांदेखत पातेलं फाटलं. दूध नासावं तसं झालं, वर तेल, खाली गढूळ पाणी. आंबटाने साबणाचं पुन्हा तेल होतं, हे वन्संना ठाऊक नव्हतं आणि मला नुसतं वाचून ठाऊक होतं. तीन दिवसांची मेहनत. मी काही बोलले नाही. बोलले असते तर फार बोलले असते. वन्संचाच चेहरा इतका उतरला की मीच चहा ठेवला.

संध्याकाळचं प्रकरण ऐकून मात्र हसून हसून पोट दुखलं. होडीत एक बाई बसते आणि काठ सुटल्यापासून होडीवालीला शिकवत राहते, वल्हं असं धर, तसं धर. शेवटी वल्हं हिसकावून घेते आणि होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागते. मी म्हटलं, "अहो, या तर आपल्या वन्सं!" हे म्हणाले, "हो का? मला नाही तसं वाटलं." बहिणीबद्दल कुणाला वाटतं!

सोमवार, १७

आज मन ठिकाणावर नाही. सकाळी यांच्या बोटांना मलम लावताना नीट पाहिलं. डाव्या तर्जनीची चीर थोडी मिटली आहे, उजवीची तशीच. मग हे वाचतात कसे इतकं सुरेख? जिद्द असेल. यांची जिद्द मी जाणते. लग्नानंतर पहिल्या महिन्यात घरातल्या सगळ्या डब्यांचे आवाज पाठ केले होते, साखर कुठली नि मीठ कुठलं. माझ्याच हातून अजून चुकतं.

तरी शंका येतेच. माझा साबण खरंच काही करतोय, की मी नुसती पातेली घासतेय? वन्सं म्हणाल्या, "बोटांना विश्रांती मिळतेय म्हणून बरं वाटत असेल." मी म्हटलं, विश्रांतीला फेस येतो का?

वाचता येतंय ना, मग झालं. बाईंना निरोप पाठवायचा का, असं विचारलं तर हे एकदम "नको" म्हणाले. मोठेपणा मिरवायचा नाही म्हणून असेल. मी गुपचूप फोन केला.

गुरुवार, २०

आजचं सगळं लिहूनच टाकते.

बाई आल्या. माझ्या फोनमुळेच आल्या. काठी दाराशी उभी केली, खुर्ची हाताने चाचपून बसल्या आणि म्हणाल्या, "ऐकलं ते खरं असेल तर उद्यापासूनच या हो. आम्ही अडलोय." यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आनंदाने. मी आपली उत्साहात: "बाई, तुमचं ते होडीवालीचं पुस्तक काय सुंदर आहे! रोज वाचून दाखवतात मला."

"कुठली होडीवाली?"

"हेच की," म्हणून मी गठ्ठा यांच्या मांडीवरून उचलून बाईंच्या हातात दिला.

बाईंनी वरच्या कागदावरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग मधला एक काढून पाहिला.

"हे सातवीचं अंकगणित आहे," म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. हे खाली मान घालून बसले होते. बाईंनी कागद एकसारखे करून यांच्या मांडीवर परत ठेवले आणि इतकंच म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. मी तोवर कुणाला घेत नाही." जाताना माझा हात चाचपून दाबला.

शुक्रवार, २१

काल मी यांच्याशी बोलले नाही. आज सकाळी बोलले, आणि मग थांबलेच नाही. म्हटलं, गावभर सांगत फिरले मी, वन्संना ऐकवलं, बाईंना फोन केला, माझं हसं करून घेतलं. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले,

"पहिल्या दिवशी तू टॉवेल घेऊन उभी होतीस. तुझा श्वास ऐकू येत होता मला. कसं सांगणार, की काही लागत नाही? कागद नुसता कागद लागतो. वाटलं, एक दिवस रेटून नेऊ. मग तू दुसऱ्या दिवशी मशीन बंद करून येऊन बसलीस."

"आणि होडीवाली कुठून आणलीत?"

"आजूबाजूचं बघून."

हे आणि बघून! मला वाटतं आपल्या आईवरून रचली असेल. सासूबाई म्हणे अशाच हट्टी आणि तोंडाळ होत्या.

माझा राग कधी उतरला ते कळलं नाही. इतके दिवस मनात भीती ठेवून हा माणूस रोज संध्याकाळी माझ्यासाठी एक नवं प्रकरण रचत होता, आणि मी त्याला गुण आला म्हणून टाळ्या पिटत होते. मला यांचं फार वाईट वाटलं आणि फार कौतुकही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं हे मला माहीत नव्हतं.

मग म्हटलं, पुरे झालं. आता मला खरं सांगायचं. साबण वाईट असेल तर वाईट म्हणायचं.

"तुझा पहिला साबण वाईट होता," लगेच म्हणाले. एवढी घाईही नको होती.

रविवार, २३

तिसरा घाणा, आणि या वेळी दार लावलं नाही. पोटॅशचं काम मीच केलं, हे उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. पण कान आतच. "आता बुडबुडे जड झाले," "आता पळी ओढताना आवाज बदलला," असं सांगत होते. मी बघत होते आणि हे ऐकत होते, आणि दोघांचं बहुतेक वेळा जमत होतं. थोडा गोळा गरम पाण्यात विरघळवून काचेच्या पेल्यात धरला. पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली, म्हणजे तेल उरलं नाही.

वन्सं आल्या, दारातूनच म्हणाल्या, "मी कशाला हात लावत नाही बाई." आणि खरंच हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

विरघळल्यावर थोडं ग्लिसरीन घातलं, कृतीत आहे तेवढंच. वास काही नाही. पाण्यासारखा पातळ झाला आहे, पण साबणाच्या दिसण्यावर काय जायचं. रात्रभर ठेवून मग ताटाची परीक्षा.

सोमवार, २४

ताट धुतलं, पुसलं, बोट ओढलं. असं करकरलं की दोघेही दचकलो.

"हा," म्हणाले. नुसतं "हा". मी तेवढ्यावर दिवसभर खूश.

गुरुवार, २७

डाव्या तर्जनीची चीर मिटली. उजवीची खपली पडली, खालची कातडी गुलाबी आहे. दिवसातून चार-पाच वेळा हात धुतात, लगेच पुसतात, मलम फक्त झोपताना. वाचा म्हणून मी म्हणत नाही. यांनीही गठ्ठा काढला नाही. संध्याकाळी नुसतं बसून राहतो. होडीवालीची आठवण येते मला, पण विचारायचं धाडस होत नाही. विचारलं तर वाटेल मी अजून त्याच खोटेपणावर बोट ठेवतेय.

यांना आत काय होत असेल, याचा विचार करते. टेलिफोनवर बसणं लाजेचं नाहीच. पण जो माणूस बोटाने जग वाचतो त्याला दिवसभर दुसऱ्यांचे निरोप टिपायला बसवायचं, म्हणजे माझ्या हातातून सुई काढून मला दुकानाच्या दारात उभं करण्यासारखं. महिना संपत आला. मला भीती वाटते, आणि ती यांच्यापुढे दाखवायची नाही असं मीही ठरवलं आहे.

शनिवार, २९

सकाळी न सांगता हात धुतले. पुसले. खिडकीशी बसले, गठ्ठा घेतला. मी आतून पाहिलं आणि मशीनवरच थांबले.

डावं बोट ओळीवर ठेवलं. पुढे नेलं. मागे आणलं. परत पुढे. ओठ हलत होते, आवाज नव्हता. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग रडतखडत, एकेक शब्द:

"सभागृहात... खुर्च्यांच्या... सहा रांगा आहेत."

मी तोंडावर पदर धरला. इतकं रटाळ वाक्य मी आयुष्यात ऐकलं नसेल, आणि इतकं गोडही. हे असलं कुणी मनाने रचत नाही.

"प्रत्येक रांगेत... पाच खुर्च्या. तर एकूण... खुर्च्या किती?" पान उलटलं, उत्तरांच्या पानावर गेले. "अठ्ठेचाळीस." थांबले. "अठ्ठेचाळीस कशा? सहा पंचे तीस."

परत मागचं पान. बोट एका जागी ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, अगदी हलकं. मग उजव्या बोटाने तपासलं. कपाळावर ती जुनी आठी आली, जी मी महिनाभर पाहिली नव्हती.

"पाच नाही, आठ आहे! मधलं एक टिंब अर्धंच उठलंय. कुणी केली ही छपाईची प्लेट? पोरं नापास होतील अशाने! झोपेत काम करतात की काय!"

मी धावत गेले. यांनी माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. "इथे. लागतंय?"

मी बोट फिरवलं, दाबलं, डोळे मिटूनही पाहिलं. मला नुसता कागद लागला.

"मला काही लागत नाही," मी म्हटलं.

"तुला कसं लागेल?" म्हणाले. "त्याला बोट लागतं."

काय तो तोरा! दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर चांगलं सुनावलं असतं. मी म्हटलं, "बरं बाबा, तुम्हीच शहाणे," आणि तिथेच जमिनीवर बसून रडून घेतलं. यांनी माझ्या डोक्यावर एक हात ठेवला, दुसरा कागदावरून काढला नाही. पुढच्या पानावर आणखी एक चूक सापडली. बाईंना फोन लावून आधी दोन्ही चुका सांगितल्या, आवाज चढवून, आणि मग सोमवारी येतो म्हणून सांगितलं.